गोखरू

जिनिंगच्या जुन्या शेडीत आता फौजेचं शिवणकाम चालते.
कापसाची रुई अजून वाशाले लटकून हाये,
पन आमच्या बचत गटाले जे कापड येते
ते कोन्या झाडाचं नाई, कोन्या किड्याचं नाई.
कातर लावली का कण्हते थोडं.

मी इंद्रकला. सतरा नंबरची मशीन.
लढाई कोनाशी हाये ते आमाले सांगत नाई,
माप सांगतात.

कान-पलटनीच्या डगल्याले बटन नाई लावाचं, गाठ माराची.
बटन वाजते, म्हने, अन् ते तिकडं
दोन चांदण्याइच्या मधली शांतता आयकत बसतात.
त्याइचा बिल्ला: सशाचा एक कान.
बेबी म्हने, दुसरा काऊन नाई बावा?
दुसरा घरी ठेवून जातात, असं सायब बोलला.
हासला नाई.

हलक्या पलटनीच्या पायजम्याच्या दुमडीत शिशाच्या गोया भराच्या,
एका पायात चौदा, दुसऱ्यात चौदा,
नाई त उडून जातात ते,
तूर उफनतानी फोलपट जाते तसे.

सावली-पलटनीचं कापड मले नाई आवडत.
त्याच्यावर उजेड पडते अन् वापस येत नाई.
त्यात माह्या तीन सुया हरपल्या,
अन् एकदा दुपारचे दोन तास.

वापसीची पलटन सगळ्यात म्हातारी.
ते लढत नाई. मेलेल्याइले घरी आनतात.
त्याइच्या खांद्याले आमी डबल टीप मारतो,
कोनी न सांगता.

रफूले आलेल्या कपड्याइवरून समजते मले, कोन कुठं जाऊन आलं.
दुमडीत तांबडी माती असली त मंगळाकडचे.
पांढरी खारट भुकटी असली त बर्फाच्या चंद्रावरचे.
एका कॉलरमधून नुसता वास आला होता,
पावसाचा नाई, आगीचा नाई,
त्याले अजून शब्द नाई आमच्या गावात.

मंग मागच्या चैतात चारशे बिल्ल्याइची ऑर्डर आली.
गोल. राखी. कड शिवलेली. मधात कोरं.
सायब, याच्यावर काढाचं काय?
"काहीच नाही. तेच चिन्ह आहे."
कोनती पलटन ही?
त्यानं सही घेतली अन् गेला.

बेबीचा भोजराज त्याच पलटनीत लागला.
जातानी सांगून गेला, लय दूर हाये मावशी,
पत्र पोचाले नऊ वर्सं लागतात.
बेबीनं त्याले कुरोड्या बांधून दिल्या,
नऊ वर्सं टिकतीन इतक्या वायवलेल्या.

काल त्याचा डगला माह्या मशीनवर आला.
नाव नसते त्याच्यावर. पन कॉलरची गाठ माही,
अंधारातही हाताले समजते.
दुमडी उलटी केली.
तांबडी माती नाई. पांढरी भुकटी नाई.
गोखरू.
अकरा गोखरू, अन् कुसयं,
नाल्यापल्याडच्या पडितातून शेळ्याइले लागून येतात, तसेच.

नऊ वर्सं.
अन् नाला इथून अर्धा कोस.

एकेक येचून पदरात बांधले.
समोर बेबी सुईत दोरा ओवून राह्यली होती, डोया बारीक करून.
तिले काय सांगू?
तुहा पोट्टा आपल्याच गावाले वेढा देऊन बसला,
का गावाची राखन करून राह्यला?
बिल्ल्यावर काई असतं त समजलं असतं.

आता आठवते, तिचं टिप्या कुत्रं
महिनाभरापासून सांजच्याले नाल्याकडं तोंड करून बसते
अन् खाली रस्त्यापुढं शेपूट हालवते.
आमी म्हनो, म्हातारं झालं.

डगला रफू करून गठ्ठ्यात टाकला.
त्याच्याआधी, आतून, डाव्या बाजूनं
एक खिसा लावला.
नियमात नाई बसत.
दोन भाकरी बसतात.